सात कढयांचं मीठ

पूजेचा स्वयंपाक असला की आमच्याकडे कढया सात, चुली सात आणि ढवळायला जो मोकळा असेल तो. मीठ घालणारा हात मात्र एकच. गेली कित्येक वर्षं तो हात बासमती धनराजचा आहे.

हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही, का केला ते सगळ्यांना ठाऊक आहे. देवाला दाखवायच्या आधी अन्न चाखायचं नाही; चाखलं की उष्टं झालं. भोपळा शिजला का ते दाबून कळतं, फोडणी बसली का ते नाकाला कळतं, पण मिठाचं जिभेशिवाय काही कळत नाही. पलीकडच्या गावात एका लग्नात अळकुड्यांच्या कढईत तीन जणांनी तीन वेळा मीठ घातलं होतं. वऱ्हाड उठून गेलं नाही, पण त्या नवऱ्यामुलाला सगळे अजून 'समुद्र' म्हणतात. त्याचं खरं नाव विचारलं तर त्याची बायकोसुद्धा क्षणभर थांबते.

बासमती बुटकी आणि रुंद आहे. डोक्याला पांढरा रुमाल, पायात रबरी चपला, चालताना थोडी डावीकडे कलते. तिचा जन्म उसाच्या मळ्यावरच्या, पिढ्यांपूर्वी जहाजाने आणलेल्या मजुरांच्या चाळीतला. आई सुखिया मळ्यात खुरपणीच्या टोळीत होती. बासमतीचं लग्न भातशेतीवाल्या घरात झालं, म्हणून ती इकडे, कोरेन्टाइनच्या किनाऱ्याला आली. नवरा धनराज वारून आता बरीच वर्षं झाली. दोन्ही मुलं न्यूयॉर्कला आहेत. रविवारी फोन करतात, ख्रिसमसला पिंपभर सामान पाठवतात. खांबांवरच्या उंच घरात ती वर एकटी राहते आणि दिवसभर घराखालच्या सावलीत असते. त्याच आवारात दुसरं घर तिच्या धाकट्या जावेचं, कौसिलाचं. दोघींचं भांडण कौसिलाच्या बदकांवरून सुरू झालं, कारण ती बासमतीच्या शेंगा खात. ती बदकं केव्हाच संपली, भांडण चालू आहे.

मिठाचं काम तिला सासऱ्याकडून आलं. सासरे रामकिसून गावचे मुख्य आचारी. त्यांच्या हाताला कंप सुटला तेव्हा सगळ्यांना वाटलं, मिठाचं वाडगं आता धनराजच्या हाती जाणार. म्हाताऱ्याने सुनेला बोलावलं. धनराज तोंड पाडून बसला तेव्हा म्हातारा म्हणाला, "तुला दिलं तर तू दोनदा घालशील. पहिल्यांदा घातलेलं तुला कधी पटलंय का?" धनराजची तक्रार तिथेच संपली. तो स्वतः ही गोष्ट पुढे लोकांना हसत सांगायचा.

तिचं माप म्हणजे मूठ. भोपळ्यात मीठ सुरुवातीलाच पडतं, कारण तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. पालेभाजीत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. ढीगभर पाला आळून पसाभर होतो, आणि पाला बघून मीठ घालणारा फसतो. वांगी, अळकुड्या आणि फणसासारखं कटहर मधल्या वेळी. कैरीच्या रशात साखर पडल्यावर. चण्यात चणे पुरते मऊ झाल्यावर आणि बटाटे पडल्यावर. आधी घातलं तर चणा आखडतो, उशीर झाला तर बटाटा आतून अळणी राहतो. हे सगळं ती बोलून दाखवत नाही. विचारलं तर म्हणते, "बघून घालायचं." काय बघून, ते सांगत नाही.

घरी तिचं एकच भांडं चढतं. पिवळी डाळ, त्यात भोपळ्याच्या किंवा वांग्याच्या फोडी, मूठभर शेंगा, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी, बाजूला भात. रोजच्या जेवणाला नैवेद्य नसतो, त्यामुळे घरी ती चाखते. आणि घरीच तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडतंय. एकदा डाळ अळणी झाली. पुढच्या आठवड्यात खारट झाली. मग चष्मा हरवला आणि तांदळाच्या डब्यात सापडला. एका रविवारी फोनवर तिने नातवाला 'जगदीश' म्हणून हाक मारली. जगदीश हा तिचा भाऊ, लहानपणीच कालव्यात बुडून गेलेला. नातू पलीकडून म्हणाला, "आजी, जगदीश कोण?" ती म्हणाली, "कुणी नाही. लाइन खराब आहे."

एवढं कुणाचंही होतं. पण तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, साधारण याच वयात. सुखियाने आधी चहात मीठ घातलं तेव्हा घरातले हसले. मग ती पहाटे उठून कोयता मागायला लागली. मळा बंद पडून वर्षं झाली होती आणि हिला कामाला उशीर होत होता. शेवटी शेवटी बासमती भेटायला गेली की आई तिला खुर्ची द्यायची आणि आदराने विचारायची, "तुम्ही कुणाच्या?"

बासमतीने कुणाला काही सांगितलं नाही. दवाखान्यातल्या नर्सने रक्तदाब बघताना विचारलं, "आणखी काही त्रास?" तर म्हणाली, "गुडघा." कौसिला मात्र महिनाभर पायऱ्यांवरून विचारत होती, "दीदी, बरी आहेस ना?" बासमतीचं उत्तर ठरलेलं. "मी मेले तर तुला आधी कळवीन."

अशात महादेवच्या घरची पूजा आली. महादेव आमच्या रस्त्यावर मिनीबस चालवतो. त्याच्या मुलाला व्हिसा मिळाला होता, म्हणून त्याने हनुमानाला लाल झेंडा बोलला होता. झेंडा म्हणजे सात भाज्यांची पंगत आलीच. घरातलं मांसमच्छी आठवडाभर बंद झालं, मंदिरातल्या कढया आल्या, तळ्यातून कमळाची पानं काढून, धुऊन, ओल्या गोणपाटाखाली ठेवली गेली. चुलींचा कारभार नेहमीप्रमाणे बुधरामकडे. तो धनराजचा दोस्त, भाताच्या गिरणीतला जुना माणूस, विस्तवाशी जेवढं बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही.

रविवारी उजाडल्यावर बासमती वाडगं घेऊन हजर झाली. घराखाली बायका चिरायला बसल्या होत्या. कौसिलाच्या वाट्याला अळकुड्या आल्या होत्या. सोलताना 'खाजतं' म्हणायचं नसतं, म्हटलं की जास्त खाजतं, असं आमच्याकडे मानतात. कौसिला म्हणत नव्हती, नुसती मनगट मांडीला घासत होती.

"घास, घास," बासमती म्हणाली. "साडी फाटली की कळेल."

"तू सोलून बघ ना दीदी. राणीसारखी वाडगं मिरवतेस ती."

"राणीला जाऊ नसते."

बायका हसल्या. बुधराम चुलीपाशी वाकून खोकत होता. "लाकूड ओलं आहे, भौजी."

"लाकडाला काही झालेलं नाही. पाठ वाकव."

महादेव पिवळं धोतर सावरत जिन्याने तिसऱ्यांदा खाली आला. धोतराची सवय नव्हती, एका हाताने ते धरून ठेवलं होतं. "चाची, सगळं ठीक ना? माणसं वाढलीत. कमी तर नाही पडणार?"

"तू वर जा, महादेव. पंडितजी पाटावर बसलेत आणि यजमान चुलीशी. तुझ्या जागी बुधरामला झेंडा रोवायला पाठवू का?"

महादेव वर गेला. वरून पंडितजींचा आवाज माइकवर यायला लागला. मिठाचं काम सुरळीत चाललं होतं. भोपळा झाला, वांगी झाली, कटहर झालं, अळकुड्या झाल्या. कैरीत साखर पडली, मीठ पडलं. पालेभाजी शेवटी, ती अजून निवडून व्हायची होती. राहिला चणा-बटाटा. चणे घोटून रसा दाट केला होता, बटाट्याच्या फोडी आत गेल्या होत्या, कढई मोठ्याने रटरटत होती. बासमती वाडगं घेऊन निघाली आणि तेवढ्यात वरून महादेवची बायको ओरडली, "चाची! आजी ओढणी घालू देत नाहीत कुणाला. तुम्हीच या, तुमचंच ऐकतात."

महादेवची आजी नव्वदीच्या पुढची. तिला ओढणी घालून, टाचणी लावून पूजेसमोर बसवायला थोडा वेळ गेला. बासमती उठायला लागली तशी म्हातारीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "सुखिया, तू अजून कामावर नाही गेलीस? टोळी निघाली असेल."

खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. बासमतीही हसली. सुखिया आणि ही म्हातारी एकाच टोळीत खुरपायच्या, आणि बासमतीचा चेहरा आईसारखा आहे, त्यामुळे चूक समजण्यासारखी होती. पण जिना उतरताना ती कठडा धरून उतरली. एरवी ती कठडा धरत नाही.

खाली आली तर वाडगं चण्याच्या चुलीशेजारी विटेवर ठेवलेलं होतं, आणि आपण चण्यात मीठ घातलं की नाही, हे तिला आठवेना.

वाडगं हातात होतं, हे आठवत होतं. हाक आठवत होती. नंतर एकदम जिना. मधलं काही नाही. वाडग्याकडे बघून कळायला मार्ग नव्हता, कारण मधे तिने ते पिशवीतून पुन्हा भरलं होतं. तिने कढईत बघितलं. रशावर तेल सुटलं होतं, फोडींच्या कडा धरून होत्या. तिच्या डोळ्यांना तो मीठ पडलेला रसा वाटला.

मीठ पडलेलं असेल तर ते घालणारी तीच. दुसरं कुणी वाडग्याला हात लावत नाही. म्हणजे ती चुलीपाशी आली, वाकली, मुठी मोजून टाकल्या, वाडगं विटेवर ठेवलं, आणि यातलं काहीही तिच्याजवळ उरलं नव्हतं. म्हणजे आईचंच. पडलेलं नसेल तर मात्र हाक आली म्हणून राहिलं. ते कुणाचंही राहतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला मनापासून वाटलं की एक कढई अळणी असावी.

"भौजी, चण्यावर झाकण घालू?" बुधरामने विचारलं.

"अर्धं घाल." मग सहज विचारल्यासारखं, "मीठ पडलं तेव्हा तू इथेच होतास ना रे?"

"मी लाकडं आणायला गेलो होतो. आणि मी तुझ्या मिठाकडे बघू कशाला? मागे बघितलं तर म्हणालीस, बुधराम, नजर लावू नकोस."

"मग लावायची होतीस!" ती एवढ्या जोरात बोलली की बुधराम झाकण हातात धरून उभाच राहिला.

तिला कौसिलाला विचारता आलं असतं. कौसिला चुलींच्या अगदी समोर बसली होती आणि तिच्या नजरेतून गावातलं काही सुटत नाही. पण कौसिलाला विचारणं म्हणजे दुपारपर्यंत स्केल्डनच्या बाजाराला सांगणं. शिवाय आज कौसिला तिच्याकडे बघत नव्हती. सकाळपासून टोमणे मारणारी बाई खाली मान घालून, कढईत न मावलेली एक सोललेलीच अळकुडी पुन्हा सोलत होती. बासमतीला वाटलं, हिने ओळखलं. हिला महिनाभर जे वाटत होतं ते आज हिने डोळ्यांनी पाहिलं, आणि आता दयेपोटी बघत नाही.

खाली पालेभाजी चुलीवर चढली होती, वर हवन सुरू झालं होतं. तूप आणि कापराचा वास खाली उतरत होता. हवन संपलं की शंख, मग सगळे खाली अंगणात, झेंडा रोवायचा, सातही भाज्या एका पानावर वाढून देवापुढे ठेवायच्या, आणि लगेच पंगत. त्यानंतर घातलेलं मीठ बटाट्यात शिरत नाही, रशात तरंगतं. आणि देवापुढे गेलेलं अळणी पान परत बोलावता येत नाही.

तिने पळी उचलली. कढईच्या कडेने थोडा रसा घेतला. तो ओठांजवळ न्यायचा, एवढंच काम होतं. बाकीच्या बायकांच्या पाठी होत्या, कौसिलाची मान खाली होती, बुधराम आगीत बघत होता. तिने पळी पुन्हा कढईत उपडी केली. तिचं म्हणणं, देवाची भीती नव्हती. जे कळलं असतं त्याची होती.

अर्धं माप घालावं, असंही तिच्या मनात आलं. पण अर्ध्याने काहीच साधत नव्हतं: पडलेलं असेल तर खारट, नसेल तर मिळमिळीत, आणि मुख्य गोष्ट तरीही कळणार नाही.

शेवटी ती चुलीपासून वळली आणि बायकांसमोर जाऊन उभी राहिली. वाडगं दोन्ही हातांत धरलं होतं.

"कौसिला."

"काय दीदी?" मान खालीच.

"मला आठवत नाही, मी चण्यात मीठ घातलं की नाही."

बाकीच्या बायकांनी माना वर केल्या. गावाच्या सगळ्या पंगती जिच्या मुठीवर चालतात त्या बाईने असं म्हणणं, हे पंडितजींनी मंत्र विसरलो म्हणण्यासारखं होतं.

"तू समोर होतीस," बासमती म्हणाली. "सांग. मला आईसारखं व्हायला लागलंय. चष्मा डब्यात ठेवते, मेलेल्यांच्या नावाने हाका मारते. आज ना उद्या सगळ्यांना कळणारच आहे, तर आजच कळू दे. पडलंय का मीठ?"

कौसिलाने हातातली अळकुडी खाली ठेवली. "पडलंय," ती म्हणाली.

बासमतीने मान डोलावली. तिला तेच वाटलं होतं. तिने वाडगं शेजारच्या बाईच्या हातात द्यायला पुढे केलं. "घे. आता हे तुम्ही ठरवा, कुणी सांभाळायचं ते."

"अगं थांब," कौसिला म्हणाली. "पडलंय म्हणजे... दीदी, तू ओरडणार नसशील तर सांगते."

"आता काय ओरडायचं राहिलंय?"

"मी घातलं."

बासमतीने पुढे केलेलं वाडगं मागे घेतलं.

"कुणी?"

"मी! मी घातलं. तू वाडगं कैरीच्या चुलीपाशी टेकवलंस आणि वर पळालीस. चण्यापर्यंत तू पोचलीसच नाहीस. मी वाट बघितली, तू येईनास. बटाटे शिजायला आले होते. बुधराम पण नव्हता. म्हटलं, आता घातलं नाही तर गेला बटाटा. घातलं, आणि वाडगं विटेवर ठेवून येऊन बसले. म्हटलं, तुला वाटेल तूच घातलंस. आता मार हवं तर. पण इथे नको, घरी मार."

बुधराम पुढे सरकला; नियम मोडणारी आणि नियम सांभाळणारी यांच्या मधे उभं राहायला कुणीतरी हवं होतं.

"म्हणजे मी नाही घातलं?"

"नाही."

"नक्की?"

"दीदी, तू चण्याकडे फिरकलीसुद्धा नाहीस!"

"मी घातलंच नाही," बासमती बुधरामला म्हणाली. "ऐकलंस ना? मी घातलंच नव्हतं. म्हणून आठवत नव्हतं!" मग एक पालथी बादली ओढून ती तिच्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रुमाल सुटला, तो तिने डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. एकीने पाणी आणलं. बासमती अर्धं प्यायली, उरलेल्याने तिने तोंड धुतलं.

"ही हसतेय की रडतेय?" बुधरामने हळूच विचारलं.

"तुला काय करायचंय, तू चूल बघ," बासमती रुमालाआडून म्हणाली. बुधरामचा जीव भांड्यात पडला आणि तो चुलीकडे वळला.

कौसिला उठून तिच्या शेजारी आली. बसायला जागा नव्हती, म्हणून उभी राहिली. "महिनाभर हेच डोक्यात घेऊन फिरत होतीस?"

"चष्मा तांदळात सापडला गं."

"माझे दात मागे बर्फाच्या कप्प्यात सापडले होते. मी गावाला सांगितलं नाही, एवढंच."

"डाळ खारट झाली होती."

"तुझी डाळ नेहमीच खारट असते. एकटीची डाळ आणि मूठ पंगतीची, दुसरं काय होणार? तुझ्या आईला मी पाहिलंय, दीदी. शेवटच्या वर्षी तिच्यापाशी पाळीपाळीने आपण दोघीच बसायचो. तिने कधी विचारलं का कुणाला, की मी विसरतेय का म्हणून? तिला काही चुकतंय असं वाटायचंच नाही. आपणच चुकायचो. तू आपली रोज स्वतःची हजेरी घेत बसलीस. तरी मंगळवारी न्यू अॅमस्टरडॅमला मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. महादेवची बस आहेच."

"जाऊ," बासमती म्हणाली. तिने इतक्या सहज कबूल केलं की कौसिलाच दचकली.

(मंगळवारी दोघी गेल्या. डॉक्टरने तारखा, वार, नावं विचारली, रक्त तपासलं. म्हणाला, काळजीचं काही दिसत नाही, झोप कमी आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या. बासमतीने त्याला तारीख तर सांगितलीच, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलंय हेही दाखवलं.)

वर शंख वाजला. बासमती उठली, रुमाल बांधला, पालेभाजीत शेवटचं मीठ घातलं आणि मग चण्यासमोर जाऊन उभी राहिली.

"किती मुठी?"

"अडीच. तू नेहमी अडीच घालतेस."

"माझ्या. तुझी मूठ बघ जरा."

कौसिलाने मूठ वळून बघितली. ती खरंच लहान होती. "मग? घाल ना वरून थोडं. अजून देवापुढे भोग गेला नाही."

"मी नाही घालणार. एका कढईत एकच हात. हा चणा तुझा."

"दीदी, असं नको करू. लोक मला समुद्र म्हणतील."

"समुद्र नाही म्हणणार. कमी पडलंय ना? तळं म्हणतील."

लोक खाली आले. महादेवने मुलाच्या मदतीने बांबू उभा केला, लाल झेंडा वाऱ्याला लागला, भोगाचं पान देवापुढे गेलं आणि परत आलं. बाकांवर पंगत बसली. बादल्या घेऊन वाढपी निघाले: भात, डाळ, "भोपळा, भोपळा", "कटहर घ्या", "चणा, चणा". कौसिला एका खांबाआड उभी राहून फक्त पंडितजींचं पान बघत होती. पंडितजी तरुण होते आणि सकाळपासून उपाशी होते. ते सगळं कालवून जेवले. चण्याची बादली दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी हात आडवा केला नाही. मीठ मागितलं नाही. कौसिलाने खांब सोडला.

स्वयंपाक करणारी माणसं नेहमीप्रमाणे शेवटी बसली. बासमतीच्या पानावर कौसिलाने स्वतः वाढलं आणि समोरच उभी राहिली. बासमतीने भोपळा खाल्ला, कटहर खाल्लं, पालेभाजी खाल्ली, भातावर डाळ घेतली. चण्याला हात लावायला तिने मुद्दाम उशीर केला. मग एक बटाटा मोडून, रशात बुडवून तोंडात घातला.

"काय?" कौसिलाने विचारलं.

"मीठ कमी आहे."

"थोडंच कमी आहे."

"कमी ते कमीच. आणि आता मला सांग, कौसिला, कुणाला विचारून तू माझ्या वाडग्याला हात लावलास? इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याची हिंमत झाली नाही. दोन मिनिटं थांबवलं नाही तुला? हाक मारता आली नाही? वर येता आलं नाही? एवढा मोठा जिना आहे तो काय बदकांसाठी बांधलाय?"

आवाज चांगलाच चढला होता. बाकावरची माणसं मागे वळली. बुधराम जेवता जेवता हसायला लागला. कौसिलाने कमरेवर हात ठेवले आणि तितक्याच जोरात उत्तर द्यायला सुरुवात केली, पण एका हातातली चण्याची पळी तशीच पुढे होती, आणि बोलता बोलता बासमतीने आपलं पान तिच्याकडे सरकवलं.